पेट्रोल बोटीला कुठला फ्युएल फिल्टर लावावा? ४० एचपी टू-स्ट्रोक आणि नवीन फोर-स्ट्रोक, दोन्हीसाठी सल्ला हवाय

खाडीकाठ_आंजर्ले

नमस्कार मंडळी. आमच्या दोन फायबर होड्या आहेत, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला कर्दे-मुरुडच्या बाजूला नेतो आणि वारा असला की नुसती खाडीत फेरी. एकीवर ४० एचपीची टू-स्ट्रोक, कार्बोरेटरवाली, जुनी पण दणकट मशीन. दुसरीवर यंदा ६० ची फोर-स्ट्रोक ईएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरवाली, बसवलीय.

त्रास जुनीचा आहे. अर्ध्या रेसला झकास चालते, फुल रेस दिली की थोड्या वेळात मिसिंग मारायला लागते आणि बसते, रेस कमी केली की परत नीट. कार्बोरेटर खोलला तर फ्लोटच्या वाटीत पाण्याचे थेंब आणि तळाला काळी पूड. साफ करून बसवला, काही दिवस बरी चालली, मग परत तेच. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत असताना मशीन बंद पडली तर काय होईल हे इथल्या कुणाला सांगायची गरज नाही, होडीत लहान मुलं असतात, म्हणून हे आता कायमचं निस्तरायचंय.

सध्या टाकी आणि मशीनच्या मध्ये काहीच फिल्टर नाही, मशीनच्या कव्हरखाली कंपनीची छोटी जाळी आहे तेवढीच. गावात एक जण म्हणतो मोटरसायकलचा कागदी फिल्टर लाव, काम होतं. मामेभाऊ म्हणतो त्यांच्या ट्रॉलरचा डिझेल फिल्टर पडून आहे तो ने. दुकानात गेलो तर २ मायक्रॉन, १० मायक्रॉन, ३० मायक्रॉन, म्हणजे किती बारीक कण अडवतो त्याचं माप. नक्की काय घ्यायचं? दोन्ही मशीनला एकच चालेल का? आणि पाइपातल्या, हाताने दाबून पेट्रोल भरायच्या रबरी बल्बच्या आधी लावायचा का नंतर?

पेट्रोल पंपावरून कॅनमधून आणतो, बंदरावर पंप नाही आमच्याकडे.

हर्णै_बंदर

दादा आमच्या डिझेल बोटींना २ मायक्रॉनचाच लावतो, जेवढा बारीक तेवढा चांगला, इंजेक्टरला कण जाता कामा नये. तुमच्या नवीन मशीनला पण इंजेक्टर आहेत ना मग २ चाच घ्या. डिझेलचा फिल्टर फुकट मिळत असेल तर लावून बघायला काय हरकत आहे.

मशीनवाला_रत्नागिरी

हरकत आहे, आणि जरा सविस्तर लिहितो कारण हा प्रश्न दर सीझनला कोणीतरी विचारतंच.

हर्णैचे दादा डिझेलच्या बाबतीत बरोबर बोलताहेत, तिथे इंजेक्शनचं प्रेशर प्रचंड असतं, पंपाचे भाग एकमेकांत इतके घट्ट बसलेले असतात की बारीक कणसुद्धा ओरखडा काढतो, म्हणून मशीनवरचा शेवटचा फिल्टर २ मायक्रॉनचा. पेट्रोल आउटबोर्डचं, म्हणजे होडीच्या मागे बाहेर लावलेल्या मशीनचं, गणित वेगळं. इथे टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप म्हणजे एक छोटा डायफ्रॅम, त्याची ओढ नाजूक असते. त्याच्या वाटेत २ मायक्रॉनचा बारीक कागद आला आणि तो थोडा जरी चोंदला की फुल रेसला मशीनला पेट्रोल कमी पडतं. पेट्रोल कमी म्हणजे मिश्रण पातळ, पातळ म्हणजे पिस्टन तापणार, आणि टू-स्ट्रोकमध्ये तर तेल पेट्रोलमधूनच येतं त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. शिवाय ओढ जास्त बसली की एप्रिल-मेच्या उन्हात पाइपातच पेट्रोलची वाफ होते, मग मशीन उगाच धापा टाकते आणि माणूस प्लग बदलत बसतो.

म्हणून पेट्रोल आउटबोर्डला १० मायक्रॉनचा वॉटर सेपरेटर, म्हणजे पाणी वेगळं काढणारा, फिल्टर. दोन्ही मशीनला हाच, कार्बोरेटर असो नाहीतर ईएफआय. १० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, कार्बोरेटरच्या जेटच्या भोकापुढे हे काहीच नाही, आणि ईएफआयच्या मशीनमध्ये पुढे कंपनीचे स्वतःचे फिल्टर असतातच. ३० मायक्रॉनवाला जुन्या कार्बोरेटर मशीनला चालून जातो पण तुमच्या दोन होड्या आहेत, एकच साइज ठेवा म्हणजे एकच स्पेअर दोघींना लागेल.

मोटरसायकलचा कागदी फिल्टर का नाही ते सांगतो. तो कचरा अडवतो, पाणी अडवत नाही, आणि तुमच्या फ्लोटच्या वाटीत पाणी निघालंय. मोटरसायकलला टाकी वर आणि कार्बोरेटर खाली, पेट्रोल वजनाने उतरतं, दिवसाला दोन-तीन लिटर खपलं तरी खूप. तुमची ४० ची टू-स्ट्रोक फुल रेसला तासाला १५ लिटरच्या वर पिते, तेही ओढून. तो चिमुकला फिल्टर त्या कामाचाच नाही. वर त्याची प्लास्टिकची डबी उन्हाने कडक होऊन नोझलपाशी चिरते, आणि तिथून पेट्रोल ठिबकलं तर होडीच्या तळाशी वाफ साचते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती उडून जात नाही, खाली बसते. हे फार धोक्याचं आहे.

डिझेलचा पडून असलेला फिल्टर तर नकोच. त्याच्यात जुनं डिझेल मुरलेलं असतं, आतला कागद डिझेलच्या हिशोबाने बनवलेला, रबरी सील पेट्रोल-इथेनॉलला टिकतील याची खात्री नाही. भाऊबंदकीत नको म्हणणं जड जातं पण नको म्हणा.

घेताना हे बघा. फिल्टरवर पेट्रोल म्हणजे गॅसोलीन आउटबोर्डसाठी असं लिहिलेलं हवं. उदाहरणार्थ रेकॉरचा एस-३२२७ हा १० मायक्रॉनचा आउटबोर्डसाठीचाच आहे, यामाहा, मर्क्युरी यांचेही स्वतःचे सेपरेटर मिळतात. खाली बाउल, म्हणजे पाणी साचायची वाटी, पारदर्शक आणि ड्रेनचा नट असलेला घ्या, थोडा महाग पडतो पण आपल्याकडे तोच घ्यावा असं माझं ठाम मत आहे, कारण नुसत्या डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी किती साचलं ते खोलल्याशिवाय कळत नाही आणि भरला की तो पाणी गपचूप पुढे सोडतो. बाउलमध्ये सकाळी जेटीवरच डोळ्याने दिसतं. हेड, म्हणजे ज्याला फिल्टर फिरवून बसवतात तो वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं, त्याला रंग नीट असावा, बोल्ट स्टेनलेसचे. साधा गाडीचा डबा-फिल्टर खाऱ्या वाऱ्यात एका सीझनमध्ये गंजतो आणि टाचणीएवढं भोक पडलं तरी पुरे, कारण तिथून हवा ओढली जाते.

जागा: टाकी, मग फिल्टर, मग बल्ब, मग मशीन. बल्बवरचा बाण मशीनकडे. फिल्टर बल्बच्या आधी असला की एक फायदा असा की फिल्टर चोंदायला लागला की बल्ब चालू मशीनमध्ये चपटा होऊन बसतो, हाताला लगेच कळतं.

पाइपाची नोझल मोठ्या मशीनला ३/८ इंची घ्या, उगाच बारीक घेऊन ओढ वाढवू नका. आट्यांना पांढरी टेप गुंडाळू नका, तिची बारीक सुतं सुटून थेट कार्बोरेटरच्या सुईत अडकतात, पेट्रोलला टिकणारं लिक्विड सीलंट मिळतं ते लावा आणि पहिले दोन आटे कोरडे सोडा.

देवबाग_तारकर्ली

अरे बाबा, फिल्टर लावूच्या आधी टाकी बघ. पाणी खयसून येता ता आधी सोद. फिल्टर लावलंस आणि टाकीत पाणी येतच ऱ्हवला तर काय उपेग?

बाकीच्यांसाठी साध्या भाषेत लिहितो. आमच्याकडे कर्लीच्या मुखाशी बोटी सगळा दिवस उन्हात, तुषार उडतच असतात, आणि टाकीत पाणी जाण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालेलं असतं, हे पहिलं. झाकणावरचा हवेचा स्क्रू धंदा संपल्यावर उघडाच राहतो, हे दुसरं. तिसरं कॅन आणि फनेल, फनेल होडीच्या तळात पडलेलं असतं, तळात खारं पाणी, तेच उचलून टाकीवर लावायचं. कॅन पण बघ, पावसात अंगणात ठेवलेला असेल तर झाकणाच्या खाचेत पाणी उभं असतं आणि झाकण उघडलं की आत. दव धरून पाणी होतं म्हणतात, होतं, पण थोडं. वाटीत थेंब दिसण्याइतकं पाणी बहुतेक वेळा झाकणातून नाहीतर कॅनमधून आलेलं असतं.

आता तपासायचं कसं. काचेची स्वच्छ पारदर्शक बरणी घे, टाकीच्या अगदी तळातलं पेट्रोल काढून तिच्यात घाल आणि सावलीत दहा-पंधरा मिनिटं न हलवता ठेव. तुझं टू-स्ट्रोकचं पेट्रोल तेलाने निळं-हिरवं झालेलं असतं त्यामुळे खाली पाणी असेल तर रेघ मारल्यासारखं स्वच्छ वेगळं दिसतं. तळाला काय बसलंय ते बोटावर घेऊन बघ. तांबूस पूड म्हणजे पत्र्याची टाकी किंवा पत्र्याचा कॅन गंजलाय. पांढरा चिकट बुळबुळीत गाळ म्हणजे ॲल्युमिनियमचा भाग खाल्ला जातोय. काळी पूड, बोटावर काजळीसारखी पसरते ती, म्हणजे रबरी पाइप आतून सुटतोय. तू काळी लिहिलंयस म्हणून माझा संशय पाइपावर आणि बल्बवर.

आणि हे सगळं जमिनीवर, मोकळ्या हवेत, बिडी-सिगरेट लांब.

खाडीकाठ_आंजर्ले

खूप आभार, एवढं नीट कोणी सांगत नाही. देवबागकरांनी सांगितलं तसं बरणीत काढून बघितलं. खाली बोटभर थर आहे पण तो पाण्यासारखा एकदम स्वच्छ नाही, थोडा धुरकट आहे आणि वास स्पिरिटसारखा येतोय. वर निळं पेट्रोल. काळी पूड आहेच, बोटावर पसरली.

हा इथेनॉलचा प्रकार आहे का? आणि सेपरेटर लावला की हे पण अडकेल ना?

मशीनवाला_रत्नागिरी

हो इथेनॉलचाच आहे, आणि इथे नीट लक्ष द्या कारण या बाबतीत फिल्टरवर विसंबून चालत नाही.

आपल्या पंपांवर २०२२ पर्यंत १० टक्के इथेनॉलची मिसळ आली, २०२३ पासून ई-२०, म्हणजे २० टक्के मिसळीचं, मिळायला लागलं आणि आता सगळीकडे तेच आहे. इथेनॉल पाण्याला धरून ठेवतं. थोडं पाणी असेल तर ते विरघळून जातं, पेट्रोलबरोबर मशीनमधून जळून निघून जातं, आपल्याला कळतही नाही. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे साधारण ५ मिली पाणी असं मावतं, २० टक्क्यांत त्याहून जास्त. पण मर्यादा ओलांडली, किंवा रात्री पेट्रोल गार झालं की इथेनॉल आणि पाणी दोघं मिळून पेट्रोल सोडतात आणि एकत्र तळाला बसतात. तुमचा तो धुरकट, स्पिरिटच्या वासाचा थर हाच.

आता सेपरेटर काय करतो? तो मोकळं पाणी अडवतो, म्हणजे थेंबांच्या रूपात असलेलं. पेट्रोलमध्ये विरघळलेलं पाणी त्याच्यातून आरामात पुढे जातं, ते अडवणं त्याचं कामच नाही. आणि टाकीत एकदा असा थर बसला की तो लिटरच्या हिशोबात असतो, बाउल भरायला वेळ लागत नाही आणि मग ते पुढे जातं. टू-स्ट्रोकवाल्यांनी तर हे पाठच करून ठेवा: त्या खालच्या थरात तेल मिसळत नाही. टाकीतली नळी तळातून ओढते, म्हणजे मशीनला पाणी आणि स्पिरिट मिळतंय, तेलाशिवाय. अशाने पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. वरचं पेट्रोलही बिघडलेलं असतं कारण इथेनॉल निघून गेल्यामुळे त्याचा ऑक्टेन उतरलेला असतो.

तेव्हा त्या टाकीतलं सगळं पेट्रोल काढा. नवीन घालून पातळ करायच्या फंदात पडू नका, त्याने थर परत विरघळेल या भरवशावर समुद्रात जायचं नसतं. टाकी कोरडी करा, झाकणाचं रबर बदला, मग ताजं पेट्रोल. काढलेलं पेट्रोल खाडीत ओतू नका हो, कालवं-तिसऱ्या तिथल्याच आपण खातो.

बहुतेक आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं, तुमच्या नवीन मशीनचं पुस्तक काढून बघा आणि डीलरला ई-२० बद्दल स्पष्ट विचारा, वॉरंटीचा विषय आहे. आपल्या हातात एवढंच की पेट्रोल साठवायचं नाही. लागेल तेवढंच आणा, आठवड्यात संपवा.

काळ्या पुडीबद्दल देवबागकर बरोबर. जुने पाइप इथेनॉलमुळे आतून मऊ होतात आणि सोलतात. कधी आतला थर सुटून पाइपातच पडद्यासारखा उभा राहतो, हळू ओढलं तर पेट्रोल जातं, जोरात ओढलं की पडदा मिटतो. अर्ध्या रेसला ठीक आणि फुल रेसला बसते हे तुमचं लक्षण त्याच्याशी तंतोतंत जुळतं.

खात्री करायची असेल तर मोकळ्या शांत पाण्यात फुल रेसवर मशीन बसायला लागली की दुसऱ्या माणसाला बल्ब हाताने दाबत राहायला सांगा. दाबल्यावर मशीन उचलली तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की. बल्ब चपटा झालेला सापडला तर अडथळा बल्बच्या मागे टाकीकडे, म्हणजे टाकीतली जाळी, तिथला पाइप नाहीतर बंद राहिलेला हवेचा स्क्रू. बल्ब चपटा नाही, पण कितीही दाबला तरी कडक होत नाही, तर कुठूनतरी हवा घेतोय.

मांडवा_स्पीडबोट

मधेच विचारतो, माफ करा. आमच्याकडे पेट्रोल इनबोर्डची स्पीडबोट आहे, इंजिन कव्हरखाली बंद जागेत. वर सांगितलेला पारदर्शक बाउल तिला पण चालेल का? दिसायला सोपं पडतं म्हणून विचारतोय.

मशीनवाला_रत्नागिरी

नाही, अजिबात नाही. बरं झालं विचारलंत. पारदर्शक प्लास्टिकचा बाउल फक्त आउटबोर्डला, जिथे फिल्टर उघड्या हवेत असतो. इंजिनच्या बंद खोलीत आग लागली तर प्लास्टिक वितळून पेट्रोल आगीत ओतलं जातं. तिथे धातूचा बाउल किंवा पूर्ण धातूचा डबा-फिल्टरच, आगीत ठराविक वेळ टिकेल असा. बोटीच्या इंधन व्यवस्थेसाठी आयएसओ १००८८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात हेच बघतात. पाइप पण आयएसओ ७८४० छापलेलाच घ्या, तो आगीत काही वेळ तग धरतो. फिल्टर बदलल्यावर बल्ब नाहीतर पंपाने पेट्रोल भरून प्रत्येक जोड कोरड्या कापडाने पुसून बघायचा, ओलं लागलं तर स्टार्टरला हात लावायचा नाही. आणि स्टार्ट करण्याआधी ब्लोअर, म्हणजे इंजिनच्या खोलीतली वाफ बाहेर काढणारा पंखा, निदान चार मिनिटं, प्रवासी घाईत असले तरी.

हर्णै_बंदर

पटलं मशीनवाले. आमचं सगळं डिझेलवर असल्यामुळे पेट्रोलचं हे ओढीचं गणित कधी डोक्यात आलं नव्हतं. एक विचारतो, बदलायचा कधी? आम्ही मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत, १ जून ते ३१ जुलै, सगळं उघडतो तेव्हाच बदलतो.

देवबाग_तारकर्ली

पर्यटनाच्या बोटीला मे अखेर बंद होतं तेव्हा एकदा आणि मध्ये १०० तास झाले की एकदा, जे आधी येईल ते. पण आमचा अनुभव असा की नवीन सीझन सुरू झाला की पहिला फिल्टर लवकर घाण होतो कारण पावसात टाकीत सुटलेलं सगळं तेव्हा हलतं, त्यामुळे दिवाळीच्या गर्दीआधी एक बदलून टाकावा. बाउल मात्र रोज सकाळी बघायचा, खाली थेंब दिसला की ड्रेनचा नट सैल करून बरणीत काढायचा.

बसवताना जुनं रबर हेडला चिकटून राहिलं नाही ना ते बोट फिरवून बघा, त्याच्यावर नवीन बसवला की दोन रबरं होतात आणि हवा घेतो. नव्या रबराला इंजिन ऑइलचं बोट फिरवा, हाताने टेकेपर्यंत आणि पुढे अर्धा-पाऊण फेरा, पाना लावून आवळू नका नाहीतर परत निघत नाही. डब्यावर मार्करने तारीख. एक स्पेअर होडीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

पावसाळ्यात मशीन ठेवताना पाइप काढून मशीन तिच्या मरणाने बंद होईस्तोवर चालवा, अर्थात थंड पाणी चालू ठेवून, म्हणजे कार्बोरेटरात पेट्रोल राहत नाही. राहिलं की ते वाळून डिंकासारखं जेटमध्ये बसतं. ईएफआयला मात्र हे करू नका, तिचा पंप कोरडा चालवायचा नसतो, तिच्यासाठी पुस्तकात दिलंय तसं करा.

नवीन फोर-स्ट्रोकवाल्यांनी कव्हरखालचा कंपनीचा छोटा कप पण बघावा, बऱ्याच मशीनमध्ये आत लाल रिंग असते, पाणी आलं की ती वर तरंगते. ती वर दिसली तर बाहेरचा सेपरेटर आधीच भरून गेलाय असं समजा.

खाडीकाठ_आंजर्ले

बल्बची टेस्ट केली. दाबला की मशीन उचलत होती, आणि बल्ब चपटाच सापडला. टाकीकडचा पाइप कापून उभा चिरला तर आत काळा पापुद्रा सुटून लोंबत होता, नखाने ओढला तर लांबलचक सोलून आला. टाकीतली जाळी पण अर्धी बुजलेली.

टाकी रिकामी करून उन्हात वाळवली, झाकणाचं रबर आणि जाळी नवीन, पाइप आणि बल्ब दोन्ही इथेनॉलला चालणारे घेतले, आणि १० मायक्रॉनचा बाउलवाला सेपरेटर दोन्ही होड्यांना. आता फुल रेसला खाडीच्या बाहेर जाऊन आलो, कुठे अडखळली नाही. बाउलमध्ये सध्या थोडी काळी पूड दिसतेय, पाणी नाही.

शेवटचा प्रश्न, ही पूड पुढे गेली असेल म्हणून कार्बोरेटर परत खोलू का, का फिल्टर आहे तर राहू दे?

मशीनवाला_रत्नागिरी

खोला. फिल्टरच्या पुढे जे आधीच गेलंय ते फिल्टर मागे आणत नाही. फ्लोटची वाटी, मेन जेट आणि सुईची बैठक, तिन्ही हवा मारून साफ करा, जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. कव्हरखालची जाळी धुवा. आणि बाउलमधली पूड आता बल्बच्या आधी दिसतेय म्हणजे ती टाकीत उरलेली आहे, तेव्हा हा पहिला फिल्टर १०० तासांची वाट न बघता लवकर बदला.